वेदनेचा निरोप



‘वेदना’ हा शब्द संस्कृतातील ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. वेदना ही शरीराने दिलेली जाणीव होय. ती शमविण्याच्या इतिहासाचे एक जुने पान गोव्यातच मुद्रित झाले.

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला. हिंदुस्थानातील औषधींविषयीचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये येथे छापला गेला. त्यात निंबाबरोबर निर्गुडीलाही स्थान आहे. पेडणे व डिचोली तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली नव्हते. ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. निर्गुडीला मात्र सरहद्द ठाऊक नव्हती. सुजलेल्या सांध्यावर तिच्या पाल्याचा शेक देण्याची रीत आपल्या घराघरांतील आहे.

युरोपात हे स्थान विलो वृक्षाच्या सालीला मिळाले. ओर्ताच्या ग्रंथानंतर दोनशे वर्षांनी, १७६३ मध्ये, एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने तिच्या ज्वरहारक गुणाचा वृत्तांत रॉयल सोसायटीला कळविला. १८२८ मध्ये बुखनेर यांनी सालीतून सॅलिसिन वेगळे केले. त्यापासून मिळणारे सॅलिसिलिक आम्ल गुणकारी खरे, परंतु पोटाला न मानवणारे. १८९७ मध्ये बायर कंपनीतील फेलिक्स हॉफमन यांनी त्याला ॲसिटिल गट जोडला आणि १८९९ मध्ये ‘ॲस्पिरिन’ हे नाव रूढ झाले.

ते गुण कसा देते, हे कळावयास १९७१ साल उजाडले. जॉन व्हेन यांनी दाखविले की, ही औषधे प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात. दुखापत झाली की एक विकर, म्हणजे एन्झाइम, पेशीतील ॲराकिडोनिक आम्लापासून ही द्रव्ये घडविण्यास आरंभ करते. त्यांतून सूज व ठणका येतो. ॲस्पिरिन आपला ॲसिटिल गट त्या विकराला देऊन त्याला कायमचे निकामी करते. आयब्युप्रोफेन त्याची जागा काही काळ अडविते, इतकेच. या शोधासाठी व्हेन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह राखतात. म्हणजे या औषधांचा अपाय हा त्यांच्या गुणाचीच दुसरी बाजू आहे. विकराची दोन रूपे आहेत असे आढळल्यावर केवळ सूज आणणारे रूप रोखणारी औषधे निघाली. त्यांपैकी रोफेकॉक्सिब हे हृदयविकाराचा धोका वाढवीत असल्याचे दिसून आल्याने २००४ मध्ये मागे घ्यावे लागले.

भातलावणीत कंबर दुखावलेला आपला वृद्ध शेतकरी फार्मसीत जाऊन गोळ्यांची पट्टी मागतो, उपाशीपोटी घेतो आणि महिनोन्‌महिने घेत राहतो. रक्तदाबाची वा मूत्रपिंडाची व्याधी असेल, तर हा परिपाठ घातक ठरू शकतो. गोळी अवश्य घ्यावी. पण वैद्यांना विचारून, मोजकी आणि थोडे दिवस. वेदनेने आणलेला निरोप मात्र गोळीखाली दडपून टाकू नये, तो आधी वाचावा, एवढीच विनंती.