पांढऱ्या बगळ्याचा किल्ला

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? उंच डोंगर, काळा कातळ आणि धापा टाकीत चढायची वाट. आज मी तुम्हांला एका निराळ्याच किल्ल्यावर नेणार आहे. तो जपानात आहे, त्याचा मुख्य वाडा लाकडाचा आहे, आणि आगगाडीने सकाळी निघून दिवेलागणीला परत यावे इतका तो सोयीचा आहे. गावाचे नाव हिमेजी.

ओसाका शहरातून पश्चिमेकडे जाणाऱ्या जलद गाडीत बसायचे. प्रवास सुमारे तासाभराचा. कोबे बंदर मागे पडले की डाव्या खिडकीशी समुद्र येतो आणि पलीकडे आवाजी बेट दिसू लागते. हिमेजीला आगगाडी आली ती १८८८ साली. स्टेशनाबाहेर पाऊल टाकले की समोर सरळ, रुंद रस्ता. आणि त्याच्या टोकाला, किलोमीटरभर अंतरावर, शुभ्र किल्ला. पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी छपरे पाहून लोक त्याला ‘पांढऱ्या बगळ्याचा किल्ला’ म्हणतात. वाट विचारावी लागत नाही. रमतगमत गेलात तरी वीस मिनिटांत पोचाल.

या टेकडीवर चौदाव्या शतकात पहिली गढी उभी राहिली. पुढे १५८० च्या सुमारास हिदेयोशी या सेनापतीने तेथे तीन मजली बुरूजवाडा बांधला. १६०० साली सेकिगाहाराची मोठी लढाई झाली. तीत विजयी झालेल्या तोकुगावा इयेयासूने हा मुलूख आपला जावई इकेदा तेरुमासा याला दिला. या जावईबापूंनी १६०१ ते १६०९ या काळात आज दिसतो तो वाडा उभारला. बाहेरून मोजाल तर पाच मजले. आत शिरलात तर सहा, आणि खाली तळघर!

आत जायची वाट मात्र सरळ नाही, बरं का. दरवाजांना जपानी मुळाक्षरांच्या जुन्या क्रमाने नावे आहेत : इ, रो, हा, नी. आपण क, ख, ग म्हणावे तसे. पण वाट अशी वळते की वाडा जवळ आला म्हणावे तो पाठीमागे जातो. भिंतींना जंग्या आहेत. कोठे गोल, कोठे तिकोनी, कोठे चौकोनी. वाड्याच्या दाराशी पायताण काढून पिशवीत घ्यायचे आणि उभे जिने चढायचे. जिने कसले, शिड्याच म्हणा! भिंतींचा पांढरा गिलावा चुन्याचा. त्यात तागासारखे धागे आणि समुद्रशेवाळाची खळ. आपले गवंडी चुन्यात गूळ नि बेलफळ घालीत, तशातलाच हा प्रकार. या जाड गिलाव्याने लाकडाचा आगीपासून बचाव होई.

एवढी तयारी केली, पण गंमत अशी की या वाड्याला मोठ्या वेढ्याला कधी तोंड द्यावे लागले नाही. त्याचे खरे वैरी शांततेच्या काळात आले. १८७१ साली जपानातील संस्थाने बरखास्त झाली आणि किल्ले निरुपयोगी ठरले. हा किल्ला लिलावात तेवीस येनांना विकला गेला, असे सांगतात. घेणाऱ्याला पाडण्याचा खर्चच परवडेना, म्हणून म्हणे तो वाचला! ते कसेही असो. पुढे नाकामुरा शिगेतो या लष्करी अधिकाऱ्याने १८७८ साली वरिष्ठांना विनविले, की हिमेजी आणि नागोया हे दोन किल्ले तरी राखावेत. त्याच्या स्मरणार्थ किल्ल्यात शिळा उभी आहे.

दुसरे संकट आले १९४५ साली. मे महिन्यात बाँबहल्ल्यात नागोयाचा वाडा जळाला. जुलैच्या आरंभी हिमेजी शहरावर आग बरसली. वाडा दुरून दिसू नये म्हणून त्यावर काळी जाळी घातली होती. एक आगीचा बाँब वरच्या मजल्यात पडलाही, पण पेटला नाही. सकाळी लोकांनी पाहिले, तो भोवती राख आणि मध्ये किल्ला उभा.

मंडळी, दैवाने वाचविले ते एका रात्रीपुरते. लाकूड किडते, चुना झडतो, पाया खचतो. म्हणून १९५६ ते १९६४ या काळात कारागिरांनी मुख्य वाडा उतरवून पुन्हा जोडला. त्याला तोलणारे दोन महास्तंभ प्रत्येकी चोवीस मीटरांहून उंच. पश्चिमेचा कुजला होता. त्यासाठी किसोच्या रानातून हिनोकी जातीचे झाड आणले, तर ते वाटेतच मोडले. मग जवळच्या एका देवस्थानाच्या राईतले दुसरे झाड मिळविले आणि दोन्ही जोडून खांब उभा केला. पुढे २००९ ते २०१५ पर्यंत छपरे आणि गिलावा पुन्हा दुरुस्त झाला. तेव्हा वाडा इतका उजळला, की हा बगळा जरा जास्तच पांढरा झाला, अशी लोक थट्टा करू लागले.

ओसाकाचा वाडा पाहाल तर तो १९३१ साली काँक्रीटमध्ये उभारलेला. हिमेजीसारखे जुने वाडे साऱ्या जपानात आता बाराच उरले आहेत. आपल्या रायगडावरचा लाकडी राजवाडा १८१८ च्या तोफांच्या माऱ्यात जळाला; आज आपण जोती पाहून मनात वाडा उभा करतो. १९९३ साली हिमेजी जागतिक वारशाच्या यादीत आला, आणि २०२५ साली रायगडासह आपले मराठ्यांचे किल्लेही त्याच यादीत गेले. पण यादी किल्ला राखीत नाही. राखतो तो गवंडी, सुतार, आणि त्यांच्या हाताखाली शिकणारा पोरगा.

म्हणून गुरुजी, मुलांना पुढच्या सहलीत गडावर न्याल, तेव्हा तो कोणी जिंकला हे तर सांगाच. पण तो बांधला कोणी, डागडुजी कोणी केली, आणि आज त्याची काळजी कोण घेतो, हेही त्यांना विचारा. गावात एखादा म्हातारा गवंडी चुन्याचे काम जाणणारा असेल, तर त्यालाही बरोबर घ्या.