घोडा काढून टाकल्यावर

जानेवारी १८८८मध्ये पीटर्सबर्गच्या एका वर्तमानपत्रात चेखवची छोटीशी कथा आली. तेरा वर्षांची वार्का चांभाराच्या घरी मूल सांभाळते. दिवसभर कामं, रात्रभर पाळणा. झोपेनं बधिर झालेल्या त्या पोरीला शेवटी वाटतं, हे रडणारं बाळच आपलं वैरी. ती त्याचा गळा दाबते आणि गाढ झोपी जाते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला कॅथरिन मॅन्सफिल्डचा जन्म झाला. १९१०मध्ये लंडनच्या ‘द न्यू एज’ साप्ताहिकात तिची एक कथा छापून आली. थकलेली पोर, रडणारं बाळ, शेवटी त्याच्या तोंडावर दाबलेली उशी. घर तेवढं जर्मन. चेखवचा उल्लेख नाही. पुढे १९५१मध्ये, ती जाऊन २८ वर्षं झाल्यावर, ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मध्ये यावरून पत्रापत्री झाली. ही चोरी होती का?

मी कोड लिहितो. दुसऱ्याचा कोड वाचूनच आम्ही शिकतो. पण उचलून चिकटवलेला कोड आणि समजून नव्यानं लिहिलेला कोड यांत फरक असतो. १९१०च्या त्या कथेत बरंचसं चिकटवलेलं आहे, असं मला वाटतं. तो संग्रह पुन्हा छापायची गोष्ट १९२०मध्ये निघाली, तेव्हा तिनं स्वतःच नकार दिला. ते लेखन तिला कच्चं वाटत होतं.

मग १९२१मध्ये तिची ‘लाइफ ऑफ मा पार्कर’ आली. ती वाचताना चेखवचीच १८८६ची एक कथा आठवते. मुलगा गेलेला गाडीवान इओना एकेका गिऱ्हाइकाला आपलं दुःख सांगू पाहतो. कुणीच ऐकत नाही. शेवटी तो आपल्या घोडीला सगळं सांगतो.

मा पार्कर लोकांच्या घरी साफसफाई करते. आदल्याच दिवशी तिनं नातवाला पुरलंय. मालक अंत्यविधी नीट झाला ना, एवढं विचारतो आणि थोड्या वेळानं डब्यातल्या चमचाभर कोकोची चौकशी करतो. ऐकणारं कुणी नसलेलं दुःख, हा सांगाडा ओळखीचा आहे. पण बाई, शहर, कोको तिचे स्वतःचे. आणि घोडी तिनं ठेवलीच नाही.

मा पार्कर रस्त्यावर उभी आहे. तिला फक्त एकदा पोटभर रडायचंय, पण त्यासाठी कुठे जागाच नाही. तेवढ्यात पाऊस सुरू होतो.