ई-पीक पाहणी (नांदेड व लातूर)

शेतात उभे असलेले पीक शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून सातबाऱ्यावर नोंदवावे, यासाठी महाराष्ट्र शासनाने आणलेले ॲप. महसूल व कृषी विभागांनी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने ते तयार केले. निवडक तालुक्यांतील प्रयोगानंतर 15 ऑगस्ट 2021 पासून ते राज्यभर लागू झाले. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच लिहिणार माझा पीकपेरा’ हे त्याचे घोषवाक्य. त्याआधी गाव नमुना 12 मधला पीकपेरा तलाठी लिहीत असे. एकेका तलाठ्याकडे अनेक गावे, त्यामुळे बांधावर न जाताच पेरा लिहिला जातो, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार होती.

नांदेड आणि लातूर हा सोयाबीनचा पट्टा. पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई, हमीभाव केंद्रावरची विक्री या सगळ्यांत सातबाऱ्यावरचा पीकपेरा पाहिला जातो. म्हणून या ॲपमधली साधी चूकही इथे पैशांत मोजावी लागते.

नोंद करताना शेतकरी खाते व गट क्रमांक निवडतो, हंगाम, पिकाचा वर्ग, क्षेत्र आणि सिंचनाचे साधन भरतो, मग शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढतो. कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिली अडचण क्षेत्राच्या रकान्यात येते. ॲप आणि सातबारा हेक्टर-आरमध्ये बोलतात, शेतकरी एकर-गुंठ्यांत. सव्वादोन एकर पेरले म्हणजे 90 गुंठे, म्हणजे साधारण 0.91 हेक्टर, हे गणित भर पावसाळ्यात, चिखलाच्या हातांनी, उन्हात न दिसणाऱ्या पडद्याकडे पाहत करायचे असते. दुसरी अडचण आंतरपिकाची. लातूरकडे सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घेण्याची रीत आहे. घाईत ‘निर्भेळ पीक’ निवडून सोयाबीन नोंदवले की तूर सातबाऱ्यावर येतच नाही. ही चूक ध्यानात येते ती तूर हमीभावाने विकायला नेल्यावर, आणि तोवर नोंदणीची मुदत गेलेली असते.

अडखळण्याच्या अशा जागा कार्यालयात बसून सापडत नाहीत. वापरकर्ता-चाचणीचा मूळ नियम असा की माणसाच्या हातात फोन द्यावा, काम सांगावे आणि मदत न करता तो कुठे थांबतो ते पाहावे. नांदेड जिल्ह्यात हे पाहणे विशेष गरजेचे आहे. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात रेंज बेभरवशाची. किनवटकडे गोंडी व बंजारा बोली, देगलूर-बिलोली-धर्माबादकडे तेलुगू, तर लातूरच्या उदगीर-देवणीकडे कन्नड घराघरांत आहे. पडीक जमिनीच्या ‘चालू पड’ आणि ‘कायम पड’ या नोंदींतला फरक महसुली मराठीत सरावलेल्यालाच चटकन कळतो. शिवाय कित्येक घरांत खातेदार वडील आणि फोन हाताळणारा मुलगा. तो पुण्याला शिकायला किंवा कामाला असेल तर फोटो काढायचा कोणी? बटईने कसणारा तर खातेदारांच्या यादीत नसतोच. माझ्या मते या ॲपच्या रचनेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

2022 च्या खरिपात आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने बऱ्याच तक्रारींची दखल घेतली. मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिके नोंदवता येऊ लागली. केलेली नोंद 48 तासांत स्वतःच दुरुस्त करण्याची सोय झाली. शेतकऱ्याने घोषित केलेली माहिती ग्राह्य धरून तलाठ्याने किमान 10 टक्के नोंदी तपासायच्या, असे ठरले. दुरुस्तीची ही सोय तांत्रिक वाटते, पण तिचे मोल मोठे आहे. चूक सुधारता येते हे ठाऊक असलेला माणूस बटण दाबायला घाबरत नाही. गावातील खातेदारांची नोंद झाली की नाही हे ॲपमध्येच दिसते, त्यामुळे शेजाऱ्याची झाली, आपली राहिली, हेही कळते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधक बी. जे. फॉग यांनी 2009 मध्ये मांडले की कृती घडायला इच्छा, सोपेपणा आणि वेळेवर मिळालेली सूचना या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. मराठवाड्यात इच्छा कधीच कमी नव्हती. सूचना दवंडीने आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून पोचत होती. कमी पडला तो सोपेपणा. ‘सर्व्हर डाऊन आहे’, ‘नुसतं गोल फिरतंय’, ‘ओटीपीच येईना’ ही वाक्ये दर हंगामात ऐकू येतात. तरी शिक्षा शेतकऱ्यालाच होते. खरीप 2023 च्या सोयाबीन-कापूस उत्पादकांना हेक्टरी 5,000 रुपये, 2 हेक्टरच्या मर्यादेत, देताना आधी ई-पीक पाहणीची अट घातली गेली. असंख्य शेतकरी बाहेर राहिल्याने ऑगस्ट 2024 मध्ये परळीच्या कृषी महोत्सवात ती अट काढल्याचे जाहीर करावे लागले. ॲप न जमणे हा शेतकऱ्याचा गुन्हा ठरवणे चूक होते, हे त्यातून मान्य झाले.

पुढे केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेशी हे ॲप जोडले गेले. आता फोटो गटाच्या हद्दीत किंवा तिच्यापासून 50 मीटरच्या आत काढावा लागतो, आणि शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेल्या गटांची नोंद गावासाठी नेमलेला सहायक करतो. सहायक ही या व्यवस्थेतली सर्वांत उपयोगी सुधारणा आहे, पण तो मुदत संपल्यावर येतो. तो पहिल्या दिवसापासून बांधावर हवा. शेतकऱ्यांनीही नोंद अपलोड झाल्यावर तेवढ्यावर न थांबता 48 तासांच्या आत ती उघडून क्षेत्र आणि आंतरपीक पुन्हा एकदा तपासावे.