पद्मिनीचा वारसा

जुनी, स्वस्त मोटार बाळगणारा मनुष्य एकतर कंजूष असावा किंवा छांदिष्ट, असा आमच्या बंगळूरच्या कचेरीतील सहकाऱ्यांचा समज आहे. कारकुनाच्या मिळकतीत दुसरी गाडी परवडणारी नव्हती, हे खरेच. पण 'प्रीमियर पद्मिनी'मागील इतिहास ठाऊक झाल्यापासून तिची आम्हांस लाज वाटत नाही.

देशात मोटारी घडाव्यात म्हणून १९३० नंतरच्या दशकात विश्वेश्वरय्यांनी योजना आखली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ती उचलून धरली. परकीय सरकारने हात आखडता घेतला. वालचंद खचले नाहीत. १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साह्याने त्यांनी बंगळुरातच विमानांचा कारखाना काढला आणि १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या आराखड्यानुसार घडणाऱ्या गाडीस १९७४ मध्ये 'पद्मिनी' हे नाव लाभले.

हिचे यंत्र साधे. बॉनेट उघडले की चारही प्लग हाताशी येतात. कार्ब्युरेटर घरीच साफ करता येतो. बिघाड कळावा आणि तो आपल्या हातांनी दूर व्हावा, हे सुख नव्या गाडीच्या धन्यास क्वचितच मिळत असेल.

तिचा धूर आम्ही नाकारीत नाही. म्हणून तिला रविवारीच बाहेर काढतो. २०२२ मध्ये जुन्या गाडीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले, तेव्हा घरच्यांनी भंगाराची वाट सुचविली. आम्ही इतर खर्च आवरला व पैसे भरले. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात संपल्या. आमच्या दारची मात्र अजून चालते आहे.