नांव मुलाचें, पैसा बापाचा

सिल्लोडसारख्या शेतीवर जगणाऱ्या मुलखांत एक जुनी चाल आढळते. बाप शेत विकत घेतो, पैसा स्वतःचा देतो, पण खरेदीखतावर नांव मुलाचें घालतो. बाप हयात आहे तोंवर त्यांत कोणास वावगें वाटत नाहीं. तो निवर्तला म्हणजे भावंडांत प्रश्न उभा राहतो : मालक कोण? ज्याचें नांव तो एकटा, कीं पैसा देणाऱ्याचे सर्व वारस?

इंग्लंडांतील न्यायालयें अशी खरेदी म्हणजे बापानें मुलास दिलेली देणगीच, असें धरून चालत. बंगालमधून गेलेल्या ‘गोपीकृष्ण गोसाईं विरुद्ध गंगाप्रसाद गोसाईं’ या दाव्यांत मात्र प्रिव्ही कौन्सिलनें १८५४ सालीं हें गृहीत हिंदुस्थानास लावण्याचें नाकारलें. येथें दुसऱ्याच्या नांवें, म्हणजे बेनामी, खरेदी करण्याची रूढी सर्रास होती. म्हणून बापाचा पैसा सिद्ध झाल्यावर, ती देणगी होती हें दाखविण्याचा भार मुलावर, असें ठरलें.

सिल्लोड तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. १९४८ सालीं तें राज्य भारतांत आलें व १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. त्याच वर्षींच्या हिंदु वारसा कायद्यानें, बाप मृत्युपत्र न करतां वारल्यास, त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच वांटा दिला. त्यामुळें जुन्या प्रश्नाचें वजन वाढलें. शेत बापाचें ठरलें तर बहिणीचा हिस्सा उभा राहतो. भावाचें ठरलें तर तो नाहींसा होतो.

१९७३ सालीं जयदयाल पोद्दार खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें कसोट्या सांगितल्या : पैसा कोठून आला, कब्जा कोणाचा, दुसऱ्याचें नांव घालण्यांत हेतु काय, नातें कोणतें, कागदपत्रें कोणाजवळ आणि पुढील वहिवाट कोणी केली. खरेदी बेनामी आहे असें म्हणणाऱ्यानेंच तें सिद्ध करावयाचें. १९८८ च्या कायद्यानें तर बेनामी व्यवहारांवर बंदी घालून पैसा देणाऱ्याचा दावाच अडविला. पत्नी व अविवाहित मुलगी यांच्या नांवच्या खरेदीस सूट होती, मुलाच्या नांवास नव्हती. २०१६ च्या दुरुस्तीनें, पैसा ज्ञात उत्पन्नाचा असल्यास, कोणत्याही अपत्याच्या नांवची खरेदी बंदीबाहेर काढली आणि हेतूचा जुना वाद पुन्हा न्यायासनापुढें येऊं लागला.

तो हेतु ज्यास खरोखर ठाऊक असतो, तो मनुष्य वादाच्या वेळीं हयात नसतो. पैसा कोणाचा व मिळकत कोणासाठीं, हें त्यानें खरेदीखतांत लिहविलें किंवा मृत्युपत्रांत स्पष्ट केलें, तर बहिणीस भावाविरुद्ध साक्षीदार शोधीत हिंडावें लागत नाहीं.