घाटउतारावरील अवजड वाहनचालन

घाटउतारावरील अवजड वाहनचालन म्हणजे मालाने भरलेला ट्रक, टँकर वा कंटेनर तीव्र उतारावरून ब्रेक न तापवता, वेग ताब्यात ठेवून खाली आणण्याची पद्धती होय. यवतमाळ जिल्ह्यात पुसद-उमरखेडच्या बाजूस डोंगराळ भाग असला तरी सह्याद्रीसारखे उंच घाट नाहीत. मात्र येथील माल न्हावा शेवा बंदराकडे नेणाऱ्या चालकांना कसारा घाट किंवा बोरघाट पूर्वापार उतरावा लागत आला आहे. २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग इगतपुरीजवळील बोगद्यासह पूर्ण खुला झाल्याने कसारा घाटास पर्याय मिळाला.

ब्रेक का निकामी होतात

३० टन वजनाचा ट्रक ५०० मीटर उंचीवरून खाली येताना सुमारे १४७ मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. घरगुती विजेच्या हिशेबात ती ४१ युनिटांच्या आसपास भरते. ही सारी ऊर्जा केवळ ब्रेकने शोषावयाची म्हटल्यास ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरचे घर्षण घटते आणि पेडल दाबूनही वेग कमी होत नाही. लायनर जळल्याचा वास ही त्याची पूर्वसूचना असते. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतल्यास त्याला तडे जाऊ शकतात. वाहन सुरक्षित जागी थांबवून तो आपोआप निवू द्यावा.

गिअर आणि इंजिन

उताराचा मुख्य भार इंजिनाने वाहावा, ब्रेकने केवळ साहाय्य करावे, हे या पद्धतीचे सूत्र आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असा जुना नियम आहे. आजची शक्तिशाली इंजिने वरच्या गिअरमध्येही चढण चढतात, म्हणून उतरताना त्याहून खालचा गिअर घेणे इष्ट ठरते. गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच बदलावा. भर उतारावर वेग वाढल्यावर खालचा गिअर पडेलच असे नाही. एक्झॉस्ट ब्रेक असल्यास तो वापरावा. वेग ठरलेल्या मर्यादेस पोहोचताच ब्रेक ठामपणे दाबून तो ताशी आठेक किलोमीटरने उतरवावा व पाय काढून घ्यावा. एअर ब्रेकवर पाय वारंवार मारत राहिल्यास टाकीतील हवेचा दाब घटतो.

न्यूट्रलचा गैरसमज

डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय या विषयातील सर्वांत घातक गोष्ट मानावी लागेल. आधुनिक डिझेल इंजिन गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनपुरवठा जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यास डिझेल लागतेच. म्हणजे जी बचत समजली जाते ती बहुधा बचतच नसते. इंजिन बंद केल्यास हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि स्टिअरिंगही जड होते. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार यामुळेच कुप्रसिद्ध झाला. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे एका मालवाहू वाहनाच्या अपघातात ४८ वाहनांचे नुकसान झाले. ब्रेक निकामी झाले नव्हते, चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे प्राथमिक तपासात आढळले.

इतर व्यवस्था

सुटलेल्या गाडीला चढाच्या फाट्यावर वळवून थांबविण्याची कल्पना बोरघाटातील रेल्वेमार्गावर कॅच साइडिंगच्या रूपाने जुनी आहे. काही देशांत रस्त्यांवरही वाळू वा खडी पसरलेले असे फाटे असतात. अरुंद घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी. थांबलेल्या ट्रकच्या चाकांना लावलेली दगडाची उटी निघताना उचलून कडेला टाकावी; ती रस्त्यावरच राहिल्यास रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते.