औषधाची मुदत आणि चिठ्ठीवरील शिक्का

तीस दिवसांच्या गोळ्या विसाव्या दिवशींच संपल्या आणि रोगी पुन्हा औषधाच्या दुकानापाशीं येऊन उभा राहिला, तर दुकानदारानें काय करावें? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या मुळाशीं दीडशें वर्षांचा इतिहास आहे. झोप आणणारीं, तीव्र वेदना शमविणारीं किंवा मनाची अस्वस्थता घालविणारीं कांहीं औषधें अशीं असतात, कीं तीं अधिक घेतल्यास संवय जडते, आणि फार दिवस घेऊन एकाएकीं थांबविल्यास रोग्यास आंकडी येण्यापर्यंत मजल जाते. अशा औषधाची मुदत कोणी राखावी, हा या इतिहासाचा विषय होय.

वऱ्हाडांतील मंगरूळपीर हें गांव उदाहरणादाखल घ्यावें. हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळें त्याच्या नांवास ‘पीर’ हें पद जोडलें गेलें. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता, तरी मुलूख नांवानें निजामाचाच राहिला. त्यामुळें ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथें आपोआप चालत नसत, निराळा हुकूम काढून ते लागू करावे लागत. मंगरूळ हा त्या वेळीं वाशीम जिल्ह्याचा तालुका होता. १९०५ सालीं तो जिल्हा मोडला व मंगरूळ अकोल्यांत गेलें. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. या सर्व फेरबदलांत एक गोष्ट मात्र सारखी वाढत गेली. ती म्हणजे मादक औषधांवरील सरकारी देखरेख.

आरंभीं ही देखरेख रोग्यासाठीं नव्हती, महसुलासाठीं होती. १८७८ च्या अफूच्या कायद्यानें परवान्यावांचून अफूची लागवड, सांठा व विक्री बंद केली. परवान्याच्या दुकानीं अफू उघड मिळे. जवळ किती बाळगावी यास मर्यादा असे, पण ती वजनाची. दुखणें कोणतें आणि गरज किती, हें विचारणारें तेथें कोणी नव्हतें. मुंबईस गिरणींत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांस अफूची ‘बाळगोळी’ देऊन निजवीत, ती याच मोकळिकीमुळें.

डॉक्टरच्या औषधाची गोष्ट वेगळी होती. जुन्या दवाखान्यांत औषध डॉक्टरच्या डोळ्यांदेखत कंपाउंडर तयार करी आणि बाटलीवर मात्रांच्या खुणा कापलेली कागदाची पट्टी चिकटवी. बाटली केव्हां संपावयाची हें डॉक्टरला ठाऊक असे, कारण बाटली भरणारा व रोगी तपासणारा एकाच छपराखालीं होते. पुढें तयार गोळ्या आल्या, औषधाचें दुकान दवाखान्यापासून वेगळें झालें, आणि ही ओळख तुटली. विलायतेंत ही अडचण आधींच उभी राहिली होती. १८६८ च्या तेथील कायद्यानें कांहीं तीव्र विषें अनोळखी गिऱ्हाइकास विकण्यास मनाई केली. ओळखीच्या माणसानें गिऱ्हाइकाची ओळख पटवावी आणि विक्रीची नोंद वहींत सहीनिशीं व्हावी, असें ठरलें. जेथें माणसाची ओळख पुरत नाहीं, तेथें वहीनें ती पुरवावी, हें तत्त्व तेथून दृढ झालें.

१९१२ चा हेग येथील व १९२५ चा जिनीव्हा येथील करार झाल्यावर हिंदुस्थानांत १९३० सालीं धोकादायक औषधांचा कायदा आला. त्याच सुमारास कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें देशांतील औषधांच्या बाजाराची चौकशी केली. तिच्या शिफारशींतून १९४० चा औषधांचा कायदा, १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा निघाले. या नियमांपैकीं पासष्टावा नियम प्रस्तुत प्रश्नाचें सरळ उत्तर देतो. चिठ्ठीवर डॉक्टरची सही व तारीख, रोग्याचें नांव व पत्ता, औषधाचें एकूण प्रमाण व मात्रा हीं असलींच पाहिजेत. डॉक्टरनें तसें लिहिलें नसेल तर एका चिठ्ठीवर एकदांच औषध द्यावयाचें. इतक्या वेळां किंवा इतक्या दिवसांच्या अंतरानें द्यावें असें लिहिलें असेल, तर तें अंतर मोडावयाचें नाहीं. आणि औषध देतांना दुकानाचें नांव, पत्ता व तारीख चिठ्ठीवरच नोंदवावयाची. हा शिक्का म्हणजेच पुढच्या दुकानदारासाठीं ठेवलेला निरोप होय. तो मारलाच नाहीं तर एकच चिठ्ठी गांवांतील चार दुकानें फिरून येते.

पुढें हा बंदोबस्त वाढला. ‘एक्स’ अनुसूचींतील औषधें कुलपांत ठेवावीं लागतात. त्यांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते व एक प्रत दुकानदार दोन वर्षें जपतो. २०१३ सालीं ‘एच-वन’ ही नवी अनुसूची निघाली. तींत आरंभीं ४६ औषधें होतीं. अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रामाडॉल हीं त्यांतलींच. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षें ठेवावी लागते. अमेरिकेंत १९७० च्या कायद्यानें अत्यंत कडक वर्गाच्या औषधांची चिठ्ठी पुन्हा वापरण्यास सर्वस्वी बंदी केली, आणि त्याखालच्या दोन वर्गांस सहा महिन्यांत पांच वेळांची मुभा दिली.

परंतु कडकपणाची दुसरीही बाजू आहे. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें शिक्षा इतक्या कठोर केल्या व परवाने इतके वाढविले, कीं दुकानदार व रुग्णालयें मॉर्फीन ठेवीनाशीं झालीं. त्या सुमारास देशांत मॉर्फीनचा वार्षिक वापर सुमारें ६०० किलो होता, तो १९९७ सालीं अवघ्या १८ किलोंवर आला. कर्करोगाचे रोगी औषध देशांत तयार होत असतांही तळमळत राहिले. हा दोष दूर करण्यास २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. मॉर्फीनसह सहा औषधें ‘अत्यावश्यक’ ठरवून मान्यताप्राप्त रुग्णालयांस एकाच परवान्याची सोय झाली.

म्हणून मुदतीपूर्वीं आलेला प्रत्येक रोगी व्यसनी समजणें हा अन्याय होय. गोळ्या प्रवासांत हरवतात, पुरांत भिजतात. कधीं दुखणेंच वाढलेलें असतें. अशा वेळीं नियम दुकानदारास ‘हांकलून द्या’ असें सांगत नाहीं. निर्णय डॉक्टरकडे परत पाठवा, एवढेंच सांगतो. डॉक्टरला नवी चिठ्ठी देण्याची मोकळीक आहेच. मात्र मंगरूळपीरसारख्या गांवीं तज्ज्ञ डॉक्टर बहुधा वाशीम किंवा अकोल्यास असतो, आणि २०२० च्या दूरवैद्यकाच्या मार्गदर्शिकेनें ‘एक्स’ अनुसूचींतील व अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं येणारीं औषधें फोनवरून लिहून देण्यास मनाई केली आहे. रोग्यास एस. टी. नें जावेंच लागतें. तेव्हां शेवटच्या गोळीची वाट न पाहतां आठवडाभर आधीं डॉक्टरची वेळ ठरवावी, जुनी चिठ्ठी शिक्क्यांसह जपावी, आणि दुकानदारानें ‘नाहीं’ म्हणतांना पुढें कोठें जावें तेंही सांगावें. पूर्वीं बाटली पाहूनच कंपाउंडरला जें कळे, तें आतां त्या कागदावरून कळावयाचें आहे.